फणस वर का होता?

मे महिन्याचा शेवटचा आठवडा. पुण्यातलं एक कुटुंब गुहागर तालुक्यातल्या आपल्या मूळ घरून सात आसनी गाडीने परत निघालं. गाडीत सहा जण. चालवायला घरधनी, शेजारी त्याची बायको. मधल्या रांगेत डावीकडे आजी, मध्ये सहा वर्षांचा नातू, उजवीकडे अकरा वर्षांची नात. तिसऱ्या रांगेची उजवी अर्धी सीट उभी ठेवून तिच्यावर कॉलेजात जाणारी भाची, डावी अर्धी आडवी करून तिच्यावर सामान. चिपळूण, कुंभार्ली घाट, पाटण असं करत गाडी महामार्गाला लागली. कात्रजचा नवा बोगदा ओलांडून नवले पुलाकडचा उतार सुरू झाला तेव्हा संध्याकाळ झाली होती. पुढे वाहनं अचानक थांबली, गाडीवाल्याने ब्रेक दाबला आणि गाडी पुढच्या टेम्पोच्या हातभर आधी थांबली. टक्कर झाली नाही, रंगाचा टवकासुद्धा उडाला नाही. आजींचं डाव्या खांद्याचं कॉलरबोन मात्र मोडलं. सामानाच्या अगदी वर ठेवलेला काप्या फणस सीटच्या पाठीवरून त्यांच्या खांद्यावर आला होता.

हे कुटुंब आमच्या ओळखीचं. माझा धंदा टेम्पोंचा, माल लावणं आणि बांधणं हे रोजचं काम. गणपतीला पुन्हा गावी जायचं होतं, म्हणून त्यांनी मला विचारलं, की नक्की काय चुकलं आणि आता कसं भरायचं. त्यांनी काढलेले फोटो, सगळ्यांच्या तोंडून ऐकलेली हकिकत आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी उघडून पाहिलेल्या गोष्टी, यांवरून हे लिहितो आहे. कुटुंबाची परवानगी आहे, नावं देत नाही.

घरात तोवर एक निदान ठरून गेलं होतं: सामान फार झालं. माझं म्हणणं वेगळं आहे. सामान जास्त होतं हे खरंच, पण तेवढंच सामान दुसऱ्या क्रमाने भरलं असतं तर आजींना खरचटलंही नसतं.

आधी सामान काय होतं ते पाहू. कपड्यांच्या तीन मोठ्या बॅगा, मिळून 35 किलोच्या आसपास. हापूसच्या दोन लाकडी पेट्या, पेंढ्यासकट प्रत्येकी 16 किलो धरा. नारळाची गोणी 20 किलो, तांदूळ 10 किलो, कोकम आगळाचा पाच लिटरचा कॅन आणि दोन फणस, एक 9 किलोचा आणि एक 6 चा. बेरीज 115 ते 120 किलो. त्यावर सहा माणसं. गाडीच्या पुस्तिकेत भरलेल्या गाडीचं कमाल वजन दिलेलं असतं. त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की माणसं आणि सामान मिळून किती चालेल ते कळतं. ही वजाबाकी बहुतेक घरांत कधी झालेलीच नसते, या घरातही नव्हती. केली तेव्हा गाडी मर्यादेच्या आत निघाली, पण फार आत नाही.

आता भरण्याचा क्रम. बॅगा आदल्या रात्री तयार होत्या, म्हणून त्या सर्वांत आधी गाडीत गेल्या, तळाशी. सकाळी आंब्याच्या पेट्या आल्या, त्या बॅगांवर. मग गोणी. गाडी सुरू होऊन आजी आत बसल्यावर चुलतकाका अंगणातून फणस घेऊन आले. स्वतः झाडावरून उतरवलेला, तोही त्या वयात. "असू दे, ठेव वरती," म्हणत त्यांनीच तो गोणीवर आडवा ठेवला आणि मागचा दरवाजा लावून घेतला. आजी मला म्हणाल्या, "नको नको म्हणत होते रे मी, पण भावजींचं मन कसं मोडायचं?"

कोकणातून, किंवा कुठल्याही गावाकडून, परत येणारी प्रत्येक गाडी याच क्रमाने भरली जाते. आपलं हलकं सामान आपल्या ताब्यात असतं, म्हणून ते आधी चढतं. वानवळा जड असतो आणि निघतानाच हातात पडतो, म्हणून तो वर जातो. हलकं खाली आणि जड वर, असा उलटा ढीग आपोआप तयार होतो. आमच्या गोदामात एखाद्या हमालाने असा माल लावला तर त्याला तो उतरवून पुन्हा लावावा लागेल. पण अंगणात निरोप घेणाऱ्या माणसांना, डोळ्यांत पाणी असताना, दरवाजा उघडून सगळं खाली काढा असं कोण सांगणार?

ब्रेक लागल्यावर नेमकं काय झालं याचा ढोबळ हिशेब मांडता येतो. वेग साठच्या आसपास होता असं चालक म्हणतो. ताशी 60 किमी म्हणजे सेकंदाला जवळजवळ 17 मीटर. कोरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला तर गाडीचा वेग दर सेकंदाला 7 मीटरने कमी होतो असं धरू. म्हणजे गाडी सुमारे 20 मीटरमध्ये, अडीच सेकंदांच्या आत थांबते. आतल्या सामानाला मात्र ब्रेक नसतो. त्याला थांबवतं ते फक्त खालच्या पृष्ठभागाचं घर्षण. गालिच्यावर सपाट ठेवलेल्या खोक्याला घर्षणाने रोख मिळून त्याचा वेग दर सेकंदाला 3 मीटरने कमी होत असेल, तर उरलेल्या 4 मीटरच्या फरकाने तो खोका गाडीच्या मानाने वाढत्या वेगाने पुढे सरकत राहतो. पुढे मीटरभर जागा मोकळी असेल तर सीटवर आदळताना त्याचा वेग ताशी 10 किमी झालेला असतो. जागा मोकळी नसेल, खोका आधीच सीटला टेकलेला असेल, तर तो नुसता दाबला जातो. आपटण्याइतका वेग त्याला मिळतच नाही.

फणसाचं तसं नव्हतं. तो गाडीच्या रुंदीला समांतर, आडवा ठेवलेला होता, म्हणजे पुढच्या दिशेला लोळायला मोकळा. लोळणाऱ्या वस्तूला घर्षण फारसं थोपवत नाही, त्यामुळे गाडीच्या मानाने दर सेकंदाला 5 मीटरने वेग वाढत तो पुढे आला. ढिगाचा माथा मधल्या सीटच्या पाठीच्या वर गेलेला, फणसापुढे अडवायला काही नाही आणि मधे सव्वा मीटर अंतर. खांद्याशी पोचला तेव्हा त्याचा वेग ताशी 12 ते 13 किमी असावा. आकडा किरकोळ वाटतो. पण 9 किलोचा फणस दोन फुटांवरून खांद्यावर सोडला तर जेवढा मार बसेल तेवढा हा मार आहे, आणि पंचाहत्तरीच्या हाडांना तो पुरला. आजींचा पट्टा लावलेला होता, त्यामुळे त्या जागच्या जागी राहिल्या. पट्टा माणसाला धरतो, मागून येणाऱ्या फणसाला नाही.

हेच ताशी 50 किमी वेगात टक्कर होऊन घडलं असतं तर? मोकळी वस्तू त्या क्षणी ताशी 50 च्या वेगानेच पुढे जाते, कारण तिला थांबवणारं काहीच नसतं. हा वेग म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून, साधारण 10 मीटर उंचीवरून, सोडलेल्या फणसाचा जमिनीला टेकतानाचा वेग. हा हिशेब मी आजींच्या समोर केला नाही.

भाचीचंही सांगायला हवं, कारण तिच्याकडे कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही. तिचे दोन्ही गुडघे मधल्या सीटवर आपटून काळेनिळे झाले. पट्टा लावला नव्हता. का, तर पट्टा अडकवायचं कुलूप शेजारच्या आडव्या सीटच्या फटीत होतं आणि त्यावर तांदळाची पिशवी होती. चिपळूणपर्यंत तिने दोनदा हात घालून पाहिला आणि सोडून दिलं. 4 सप्टेंबर 2022 ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. मागच्या सीटवरचे दोघे दगावले, दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता असं पोलिसांनी सांगितलं. त्यानंतर मागच्या पट्ट्याबद्दल भरपूर बोललं गेलं. पट्टा लावायची इच्छा असून सामानाखाली कुलूप सापडत नाही, ही अडचण त्या बोलण्यात कुठे आली नाही. कायद्याच्या बाजूने मोटार वाहन कायद्याचं कलम 194 ब आहे, पट्टा नसेल तर 1000 रुपये दंड. दंडापेक्षा मला ते गाडलेलं कुलूप जास्त खटकलं.

आणखी एक गोष्ट गाडी थांबल्यावर दिसली. पाण्याची स्टीलची बाटली मागून लोळत येऊन चालकाच्या सीटखाली अडकली होती, तोंड पेडलकडे. आणखी वीतभर पुढे आली असती तर ब्रेकखाली गेली असती.

पार्किंगमध्ये आम्ही गाडी रिकामी करून पाहिली. पहिला शोध, बांधायला काही आहे का? डिकीत दोन्ही बाजूंना एकेक प्लास्टिकचा आकडा होता. तो भाजीची पिशवी अडकवायला असतो, दोर बांधायला नाही. युरोपात विकल्या जाणाऱ्या बऱ्याच स्टेशन वॅगन गाड्यांत डिकीच्या तळाला चार कोपऱ्यांत लोखंडी कड्या असतात. आपल्याकडच्या बऱ्याच सात आसनी गाड्यांत त्या नसतात. घरधन्याने ऑनलाइन मागवलेली लवचिक जाळी याच प्लास्टिकच्या आकड्यांना अडकवायची होती. टॉवेल, टोप्या, वेफर्सची पाकिटं यांना ती ठीक आहे. टकरीत गाडीचं नाक 60 सेंटिमीटर चेपून गाडी थांबते असं धरलं, तर 50 च्या वेगात बांधलेल्या वस्तूची ओढ तिच्या वजनाच्या सोळापट होते. 9 किलोच्या फणसाची दीडशे किलो. त्या आकड्याला हे झेपणार नाही, आणि ताणल्या जाणाऱ्या रबरी दोरालाही नाही.

ट्रकच्या धंद्यात युरोपातला दंडक असा, की माल बांधताना पुढच्या दिशेने वजनाच्या 80 टक्के आणि बाजूंना व मागे 50 टक्के जोर धरायचा. हे ब्रेक आणि वळणांसाठी पुरतं, टकरीसाठी नाही. टकरीत माल अडवायचा तर समोर भिंत लागते. ट्रकला हौदा आणि केबिन यांमधली भिंत असते, कुटुंबाच्या गाडीला सीटची पाठ. म्हणून माझा सगळा भर पट्ट्यांपेक्षा पाठीवर होता.

पाठही किती सोसते याला मर्यादा आहे. सीटच्या मजबुतीसाठी संयुक्त राष्ट्रांचा 17 क्रमांकाचा नियम आहे. त्यात मागच्या सीटच्या पाठीमागे 18 किलोचे दोन ठोकळे ठेवून 50 किमीच्या वेगाच्या टकरीची चाचणी घेतात. मिळून 36 किलो. या गाडीत त्याच्या तिप्पट वजन होतं, आणि तेही बहुतेक डाव्या बाजूला. शिवाय मधली सीट 60:40 अशी दुभंगणारी. पाठ नीट खटक्यात बसलेली नसेल तर चाचणीतल्या ताकदीला काही अर्थ उरत नाही. सामान भरण्याआधी दोन्ही भाग हाताने जोरात पुढे ओढून पाहायचे, हे मी त्यांना तिथेच करून दाखवलं. उजवा भाग अर्धवटच बसलेला निघाला. मुलीने मे महिन्यात कधीतरी खेळताना पाडला असेल, देव जाणे.

मग पाच माणसांची मांडणी आधी करून पाहिली, कारण ती सोपी. तिसरी रांग पूर्ण आडवी. गोणीच्या दोन लहान गोण्या केल्या. पेट्या, गोण्या आणि तांदूळ असं सगळं जड सामान तळाशी आणि मधल्या सीटच्या पाठीला घट्ट टेकवून, डाव्या-उजव्या बाजूंना सारखं वाटून. मे महिन्याचे आंबे नव्हते, म्हणून जुन्या पेट्यांत विटा भरल्या. पोरांना त्यात फार मजा आली. बॅगा मागे आणि बाजूंच्या फटींत पाचरीसारख्या, म्हणजे मधे मोकळी जागा राहत नाही. ढिगाची उंची कुठेही सीटच्या पाठीवर नाही. वर जुनी सतरंजी, तिची कड मागून खाली खोचलेली, आणि तिच्यावरून दोन पट्टे तिरके. पट्टे अडकवले ते तिसऱ्या रांगेच्या सीटच्या लोखंडी पायांना, जे फरशीला बोल्टने पक्के असतात. पट्टा साधा, खटका दाबून हाताने ओढायचा. टेम्पोतला रॅचेटचा, म्हणजे दांडा खालीवर करून आवळायचा पट्टा मुद्दाम टाळला. त्याने माणूस नको इतका आवळतो, पेटीची फळी मोडते आणि आंब्यांचा आमरस तिथेच होतो. लहान मुलाच्या सीटचा वरचा पट्टा अडकवायची जी कडी असते तिला सामान बांधायचं नाही हेही सांगितलं. सहा वर्षांच्या मुलासाठी उंच बैठक (बूस्टर सीट) घ्यायची ठरली होती, त्याच्यापुरती ती जागा मोकळी हवी.

फणस कुठे? पुढच्या सीटमागे पाय ठेवायची जी खोलगट जागा असते तिथे, जमिनीवर. पुढची सीट थोडी मागे घेतली की फणस दोन्हींच्या मधे चेपून बसतो, ना पुढे जाऊ शकत, ना वर. नातवाचे पाय तसेही जमिनीला पोचत नाहीत. त्याच्या समोरची ही जागा गाडीतली सर्वांत सुरक्षित जड सामानाची जागा आहे आणि तिथे लोक चपला टाकतात. चीक गालिच्याला लागू नये म्हणून देठाला कागद गुंडाळायचा, खाली गोणपाट. आगळाचा कॅन दुसऱ्या बाजूला त्याच पद्धतीने. चालकाच्या पायांशी येऊ शकेल अशी एकही सुटी वस्तू त्याच्या सीटमागे नाही. बाटल्या दाराच्या कप्प्यात.

सहा माणसांसाठी मात्र मी सरळ सांगितलं, की या सामानासकट हे बसत नाही. माणसाच्या शेजारी अर्धी सीट आडवी करून जड सामान लावलं की घाटातल्या प्रत्येक वळणाला ते त्या माणसाकडे झुकतं. कुंभार्लीत भाचीच्या कुशीत बॅग येऊन बसत होतीच. सहा जण जायचे तर तिसरी रांग पूर्ण उभी ठेवायची, कुलूप मोकळं, आणि तिच्या मागे उरते त्या चिंचोळ्या जागेत फक्त मऊ बॅगा, पाठीच्या उंचीपर्यंत. पेट्या आणि गोण्या हंगामात गावोगावहून पुण्या-मुंबईला सुटणाऱ्या टेम्पोने किंवा एसटीच्या पार्सलने पाठवायच्या. यात माझा धंद्याचा स्वार्थ आहे असं वहिनी हसत म्हणाल्या. असेल, पण आमचे टेम्पो कोकणात जात नाहीत.

घरधन्याला टपावर कॅरियर हवं होतं. मी नको म्हटलं. टपावर किती वजन चालतं ते पुस्तिकेत असतं आणि बहुतेक कुटुंबाच्या गाड्यांत ते मोजकंच असतं, त्यात कॅरियरचं स्वतःचं वजनही येतं. बऱ्याच गाड्यांच्या टपावरच्या चकचकीत पट्ट्या तर केवळ शोभेच्या. वर वजन चढलं की घाटात गाडी जास्त कलते. वर न्यायचंच असेल तर कपड्यांच्या बॅगा न्याव्यात. यांना न्यायच्या होत्या पेट्या.

दोन किरकोळ गोष्टी बाकी होत्या. चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर भरलेल्या गाडीसाठी टायरमधल्या हवेचा वेगळा आकडा असतो, मागच्या चाकांना जास्त. तो कधी वापरलाच गेला नव्हता. आणि मागे वजन बसलं की हेडलाइटचा झोत वर उचलला जातो. तो खाली आणायचं छोटं चाक डॅशबोर्डवर होतं. गाडी घेतल्यापासून कुणी त्याला हात लावला नव्हता.

गणपतीला ते पाच जण गेले. परतीच्या आदल्या रात्री घरधन्याने काकांना आधीच सांगितलं, "जे द्यायचं ते आत्ताच ओटीवर काढून ठेवा, मला खाली लावायचंय." काका थोडे नाराज झाले, पण त्यांनी पडवळं, काकड्या, नारळ आणि दोन भोपळे काढून ठेवले. सकाळी गाडी त्याप्रमाणे लागली. निघताना काकू काकड्यांची आणखी एक पिशवी घेऊन आल्याच. यावेळी ती आजींनी मागितली, पुढच्या सीटमागे पायांशी ठेवून घेतली, आणि मगच दार लावू दिलं.

एक गोष्ट मात्र अजून सुटलेली नाही. मधल्या रांगेत मधल्या जागेला या गाडीत कमरेचाच पट्टा आहे, खांद्यावरून येणारा नाही, आणि मुलाची उंच बैठक त्याच्यावर वापरता येत नाही. म्हणून नातू आता खिडकीशी बसतो आणि आजी मधे. कमरेच्या पट्ट्यावर आजींना बसवणं मला पटत नाही. भाची नसेल तेव्हा तिसऱ्या रांगेची एक सीट उभी करून नातीला मागे बसवायचं आणि आजींना दुसऱ्या खिडकीशी, असा पर्याय मी सुचवला आहे. तसं केलं की डिकी निम्मी होते आणि पेट्या टेम्पोनेच पाठवाव्या लागतात. पुढच्या मे महिन्यापर्यंत त्यांना ते ठरवायचं आहे.